डब्यातला रातकिडा

२२ नोव्हें. १९९३, सोमवार. चारठाणा

सकाळी किराणावाल्याच्या फोनवर पुण्याहून प्रकाशचा फोन. लाईन अशी की कुणी नळात तोंड घालून बोलायलंय. कळलं ते एवढंच: "काका, डाक पाठवलीय... तुमीच ऐकून सांगा, पास का नापास... फाट—" आणि तुटला. पोरगं बापावरच गेलंय. कोंडिबा पण अर्धी गोष्ट सांगून खांबावर चढायचा, उरलेली वरून ओरडून सांगायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. चोवीस वर्षं दोघांनी मिळून भोंगे बांधले, लग्नात, जयंतीत, गणपतीत. आता फोन आला की त्याचाच वाटतो.

डाक म्हणजे पत्र. पण पत्र 'ऐकून' काय सांगायचं? कॅसेट असंल. पोस्टात जाऊन आलो. काही न्हाई.

हातातल्या घड्याळाची तासातासाची पिप-पिप बंद पडलीय. सेल बदलायचा.

२५ नोव्हें., गुरु.

चौथा दिवस. पोस्टमास्तर वैतागले. "रेडिओकाका, डाक आली असती तर मी काय उशाला घेऊन झोपलो असतो?" बरोबर हाय. पण पोरगं खोटं बोलणार न्हाई.

२६ नोव्हें., शुक्र.

हसावं का रडावं! देवगाव फाट्यावरच्या भजेवाल्यानं एस्टीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला: "तुमची पेटी चार दिवसांपासून माझ्या बाकड्याखाली हाय, गिऱ्हाइकं पाय ठेवायलीत." पहिल्या गाडीनं गेलो, मांडीवर घेऊन आलो. पेटीवर चार बाजूंनी प्र.च्या अक्षरात 'काच, सांभाळून'. तेलाचे डाग ते वेगळे.

आत एक चकतीचं यंत्र, सीडी म्हणतात ती वाजवायचं, एक भारी हेडफोन, दोन चकत्या, आणि एक काळा डबा, मिसळणाच्या डब्याएवढा. पुढं एक गोल बटण, एक भोक. डब्याचं नाव डॅक! डाक न्हाई, डॅक. सौ. पोट धरून हसली. "चार दिवस पोस्टात डबा मागत व्हते!"

प्र.चं पत्र चिकटवून ठेवतो:

'काका, जयभीम. हा डबा मी स्वतः बनवलाय, पहिला खिळा ते शेवटची तार. राजीनामा लिहून ठेवलाय, दिला न्हाई. तुमी पास म्हणालात तर देतो, परभणीला येतो, दोन दोस्त आणि मी हेच बनवू. नापास म्हणालात तर राजीनामा फाडतो, नोकरी बरी. माझ्या तोंडाकडं बघून छान म्हणू नका, म्हणून फोनवर नको, लिहून कळवा. पंधरा डिसेंबरच्या आत. चारठाण्यात तुमच्याइतका कान कुणाचा न्हाई, पुण्यातही मला सापडला न्हाई.'

तीनदा वाचलं. छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी—

२७ नोव्हें., शनि.

सकाळी लाईट होती. अंघोळ करून, अंगारा लावून बसलो, परीक्षाच ती. डबा चालू केला. लाल दिवा. हेडफोन कानावर. काही न्हाई. भुणभुण न्हाई, खरखर न्हाई. म्हणलं मेलेला डबा आला, फाट्यावर कुणीतरी लाथ मारली. आयुष्यभर चालू अँप्लिफायर मी खरखरीवरून ओळखत आलो. मला रेडिओकाम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, खरखर म्हणजे यंत्राचा श्वास. म्हणून बटण पार शेवटाला नेलं, वायर हलवल्या, काही न्हाई. कंटाळून चकती लावली, आणि—

उडालोच! हेडफोन एकीकडं, मी एकीकडं. सौ. धावत आली, "काय, इंचू चावला का?" भजनातला पहिला टाळ चावला!

बटण खाली आणून पुन्हा बसलो. काय सांगू. गाणारा बाबा माझ्या दोन भुवयांच्या मधी बसून गायला. श्वास घेतला तो कळला. तबल्यावर बोट घासलं ते कळलं. आणि दोन भजनांच्या मधी अशी शांतता की आपलाच जीव ऐकू येतो. मी खरखर शोधत व्हतो आणि पोरानं खरखरच मारून टाकली!

दुपारचं जेवण राहिलं. सौ. रागावली, मग तिला पण ऐकवलं. "बाई, किती जवळ," म्हणाली आणि पोळी करपली.

२८ नोव्हें., रवि.

आज कसं चालतं ते समजून घेतलं. प्र.नं चार पानं लिहून दिलीत. चकतीवर आवाज नसतोच, नुसते आकडे. डबा आकडे वाचतो आणि आवाज उभा करतो. सौ.ला सांगितलं: दारातली ठिपक्यांची रांगोळी. चकतीवर नुसते ठिपके हायत, रेघा हा डबा ओढतो. म्हणे, "मग रेघ वाकडी आली तर?" शंभर नंबरी सवाल. तेच तर तपासायचं!

दुसरी चकती टेस्टची. बारा नंबर. पहिल्यात बैल हंबरल्यासारखा जाड सूर, मग पुढं पुढं बारीक, बारीक. आठव्यात मच्छर. नऊ ते बारा कोरे, नुसती शांतता. प्र.ला लिहायचं, चकती अर्धवट भरलेली मिळाली, दुकानदारानं फसवलं.

२९ नोव्हें., सोम.

हात लावून पाहिला, तीन तास चालवूनही कोमट, तान्ह्या लेकराच्या कपाळाएवढाच. बटण फिरवताना किरकिर न्हाई. पलीकडं पिठाची गिरणी चालू झाली तरी आत काही घुसलं न्हाई, माझ्या जुन्या अँपमधी तर गिरणीवालाच गायचा. डावी-उजवी बाजू सारखी. घरातला टाळ काढून कानाजवळ वाजवला, मग चकतीवरचा ऐकला. तोच मऊपणा! टाळ इतका गोड असतो हे या वयात कळलं.

आता नापास करायला काय उरलं?

३० नोव्हें., मंगळ.

शांतावहिनी आल्या. कापूस वेचून सरळ इकडंच, ओटी तशीच बांधलेली. कोंडिबाची मंडळी म्हणजे बसायला पाट मागणारी न्हाई. उंबऱ्यातच टेकल्या.

"भाऊजी, पोराचं सामान आलं म्हणं."

"आलं वहिनी! असं सामान तालुक्यात कुणी—"

"नापास करा."

मी हातातला हेडफोन खाली ठेवला.

"सात वर्षं इथं तिथं केली त्यानं, तवा कुठं पक्की नोकरी लागली. यंदा सून बघायलेव. आणि ह्यो परभणीत डबे करत बसंल. तुमचं त्यो ऐकतो. माजं ऐकत न्हाई."

म्हणलं, "वहिनी, चालू रेडिओला बंद म्हणलो असं आजपर्यंत झालं न्हाई."

"आन् बंद रेडिओला चालू म्हणलाव का?"

"ते... कधी गिऱ्हाइकाचा बाप आजारी असला तर उद्या चालू हुईल म्हणायचो."

"मग तसंच समजा. मी आजारी हाय."

सौ. हसली, वहिनी हसल्या, मी पण. पण त्या गेल्यावर चहा गार झाला. नामांतराच्या सत्याग्रहात कोंडिबा आत गेला तेव्हा ह्या बाईनं चारही भोंगे डोक्यावरून माझ्या घरी आणून ठेवले व्हते, कुणी फोडू नये म्हणून. म्हणाली व्हती, "भोंगं सांभाळा, मी पोराला सांभाळते." तेच पोरगं हे.

२ डिसें., गुरु.

दोन दिवस लिहिलं न्हाई. ऐकलं मात्र. पत्राचा मसुदा केला, 'पास' हा शब्द मोठा लिहून खाली दोन रेघा. मग वहिनीचा चेहरा आला, पाकिटात घातला न्हाई.

सौ. म्हणे, "त्यांना एकदा ऐकवा तरी. लेकरानं काय केलंय ते माय बघू द्या, मग बघू काय म्हणतात." अरे, हे मला का सुचलं न्हाई! एकदा कानावर चढवला की वहिनी स्वतःच पास म्हणतील. उद्याच बोलावतो.

३ डिसें., शुक्र.

दु. चार. वहिनी आल्या, पदरावरूनच हेडफोन घातला. मी भजन लावलं. डोळे मोठे झाले. "आगं बया! डोक्यात मंडप घातला की वो!" ओरडून बोलायल्या, ऐकू येत नसल्यावर माणूस ओरडतो तसं. सौ.चं हसून हसून—

मी मनात म्हणलं, जिंकलो. भजन संपलं तशी खूण केली: थांबा, आता खरी गंमत, ही शांतता ऐका! एवढ्यासाठीच तर सगळा आटापिटा.

वहिनीनं मान वाकडी केली. "भाऊजी, ह्यो किडा कुठं वरडायलाय?"

"कोणता किडा?"

"रातकिडा. डाव्या कानात. सूंऽऽ करायलाय, एकसारखा."

हेडफोन घेऊन मी ऐकलं. शांतता. स्वच्छ, धुतलेली. सौ.ला दिला. सौ. म्हणाली, "मला वाटतंय बाई कायतरी, पण नक्की सांगता येईना."

वहिनी उठल्या. "मी काय खोटं बोलायलेय?" मी काही बोललोच नव्हतो. पण तोंडावर दिसलं असणार.

४ डिसें., शनि.

रात्रभर एकच. नापास करा म्हणणारी बाई आणि किडा ऐकणारी बाई एकच. सकाळी स्वतः त्यांच्या घरी गेलो. म्हणलं, वहिनी, परीक्षा घ्यायची. रागावू नका, उस्तादांची शिकवण हाय, साक्षीदार जवळचा असला तर जास्त तपासायचा. म्हणाल्या, "घ्या की. भिते का काय?"

रीत अशी: वहिनी भिंतीकडं तोंड करून. सौ. पत्त्यांतून पान काढणार. लाल आलं तर मी हेडफोन उलटा घालणार, काळं आलं तर सुलटा. चकती बंद, डबा तेवढा चालू. वहिनीनं फक्त सांगायचं, किडा कोणत्या कानात.

"डाव्या." काळं. बरोबर.

"डाव्या." काळं.

"आता उजव्या." लाल.

बारा पानं काढली. बाराच्या बारा. शेवटच्याला तर मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "सरकला बगा मेला."

डब्याच्या डाव्या बाजूला किडा हाय. खरा हाय. आणि मला तो ऐकू येत न्हाई.

मग एक धाडस केलं. टेस्टची चकती लावली. नंबर नऊ, जिथून पुढं कोरं. "काय ऐकू येतंय वहिनी?" "बारीक सूर हाय." दहा? "हाय. लय बारीक." अकरा? "हाय... सुईवानी." बारा? "आता न्हाई."

चकती कोरी नव्हती.

५ डिसें., रवि.

काही लिहावंसं वाटेना. चोवीस वर्षं भोंग्याखाली उभं राहून 'आवाज येतोय का' विचारत होतो. आता मलाच विचारायची पाळी.

सौ.ला म्हणलं, कान गेले माझे. ती तांदूळ निवडत व्हती, मान वर न करता म्हणे, "मला दोन वर्षं झाली ठावं हाय. तुमच्या मनगटावरचं घड्याळ दर तासाला वाजतं."

"ते बंद पडलंय."

"वाजतं. तुमी दोनदा सेल बदललाव, दोन्ही बारीला मी काही बोलले न्हाई."

आणि मी टाळ गोड हाय म्हणून पान भरलं व्हतं!

६ डिसें., सोम.

वहिनी आज विहारात, सकाळपासून. संध्याकाळी मी पण जाऊन मेणबत्ती लावून आलो. तिथला भोंगा नीट चालत व्हता, निदान मला तरी वाटलं. निघताना वहिनी म्हणाल्या, "उद्या येते. त्यो किडा काढायचा का न्हाई?" नापासचं काही बोलल्या न्हाईत, मीही काढलं न्हाई.

मसुद्यावरचा 'पास' अजून तसाच हाय. खोडला न्हाई.

७ डिसें., मंगळ.

आजचा दिवस सविस्तर लिहायचा!

उजेड चांगला व्हता. अंगणात टेबल काढलं, डब्याचं झाकण उघडलं. आत पोरानं काय काम केलंय! शाळेतल्या मुलांच्या रांगा असाव्यात तशा तारा. पण पुण्याहून फाट्यापर्यंत एस्टी, वरून भजेवाल्याच्या गिऱ्हाइकांचे पाय. काहीतरी हललं असणार. नजरेनं सगळं धडधाकट दिसायलंय. ऐकून शोधायचं तर ऐकणारे कान माझे न्हाईत.

वहिनीला हेडफोन दिला. मांडीवर सुपात तुरीच्या शेंगा, सोलत बसल्या. मी बांबूची काडी घेतली, करंट लागू नये म्हणून, आणि एकेका पार्टाला हळूच टोचत गेलो.

"आता?"

"हाय."

"आता?"

"हाय."

"आता?"

"हाय वो. माशी बसली तरी विचारचाल."

शेंग सोलल्याचा आवाज, माझी काडी, "हाय", "हाय". पाऊण तास. सौ. चहा ठेवून गेली. डाव्या बाजूला कोपऱ्यात एक पिवळा कपॅसिटर, चिंचोक्याएवढा. त्याला काडी लावली.

वहिनी काही बोलेनात.

बघितलं तर हात थांबलेला. शेंग अर्धी सोललेली, दाणे आतच. माझ्याकडं न्हाई, डब्याकडं बघायल्या. मी काडी हलवली न्हाई. मला तर आधीही शांतताच, आताही शांतताच. त्यांनी "हाय" म्हणलं असतं तर मी पुढच्या पार्टाकडं गेलो असतो, मग त्याच्या पुढच्या, आणि शेवटी झाकण लावून लिहिलं असतं: दोष सापडत न्हाई. नापास.

"वहिनी?"

"गेला," म्हणाल्या.

थोड्या वेळानं, "काडी काढा." काढली. "आला. पुना लावा." लावली. "गेला." असं तीनदा करवून घेतलं, जसं काय मलाच खोटं वाटायलंय.

भिंग घेऊन पाहिलं: कपॅसिटरच्या पायाचा डाक सुटलेला, केसाएवढी फट. आम्ही झाळकामात वितळल्या कथलाच्या जोडाला डाकच म्हणतो. म्हणजे डॅकमधला डाक सुटला आणि मी चार दिवस पोस्टात डाक शोधली! हे वहिनीला सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की सुपातली तूर सांडली. झाळायची इस्त्री तापवली, नवा डाक दिला. हात अजून शाबूत हायत.

पुन्हा शांतता लावली. वहिनी डोळे मिटून कितीतरी वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना ही असली यंत्रं लय आवडली असती." हेडफोन काढून टेबलावर हळू ठेवला, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा.

९ डिसें., गुरु.

पत्र पक्कं केलं. नक्कल इथं ठेवतो.

'चि. प्रकाशास आशीर्वाद. आवाज पास. डाक कच्चे, एक वाटेत सुटला, बाकीचे सगळे पुन्हा तपास, आणि आमच्या एस्टीचे हिसके धरून बनव. टेस्टची चकती आठपर्यंत मी ऐकली, पुढं अकरापर्यंत तुझ्या आईनं. आठच्या पुढं माझे कान कोरे हायत, हे तुला आधी सांगायला पाहिजे व्हतं, पण मलाच परवा कळलं. डाव्या बाजूचा दोष तुझ्या आईनं धरला, आणि तो गेला हेही तिनंच सांगितलं. नोकरीचं तू आणि ती बोला. त्याची परीक्षा माझ्याकडं न्हाई.'

वहिनीला वाचून दाखवलं. 'आवाज पास'ला थांबवलं. "पास लिव्हलाव?"

"तुमीच गेला म्हणलाव ना?"

"म्हणले." मग, "पुडं वाचा."

खाली मी सही केली. मग त्यांनी पेन मागितला. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही, एकेक अक्षर दळल्यासारखं: शां ता बा ई. माझ्या सहीपेक्षा मोठी आली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, घडी घातली, पाकीट स्वतः चिकटवलं.

"मी टाकते पेटीत. तिकडंच जायलेय."

दिलं.

संध्याकाळी पाराजवळ भेटल्या, डोक्यावर चाऱ्याचा भारा. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "डाक निगून गेल्ती, भाऊजी. उद्या टाकते." पत्र कमरेच्या पिशवीत, कोपरा दिसत व्हता.

१० डिसें., शुक्र.

सकाळी पोस्टासमोरून दोनदा गेलो. पोस्टमास्तर आतून, "काय रेडिओकाका, आता काय हरवलं?" काही न्हाई म्हणलं. पेटीकडं बघितलं, पेटी ती, काय सांगणार.

वहिनीच्या दारावरून आलो. कडी लावलेली, माणूस कापसाला. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी, खरं तेच. म्हणून विचारलं न्हाई.

पंधराला पाच दिवस हायत. डबा झाकून ठेवलाय, झाकायच्या आधी एक भजन ऐकलं, दुसरं पण ऐकलं. किती सुंदर केलंय पोरानं, माझ्या आठ नंबरापर्यंत तरी.

आता हे लिहिताना सौ. चुलीपासून ओरडली, "अहो, वाजलं!"

"काय?"

"घड्याळ तुमचं. अकरा."